राऊटरवरचा झेंडूचा हार

सोपानदादा,

तुम्ही मागितलेल्या पाच ओळी काल छापून आल्या. पिवळ्या कागदावर, कारण दुकानात पांढरा संपला होता. आज सकाळी गठ्ठा घेऊन तुमच्या वाडीला जाऊन आले आणि आता चौसाळ्याला आमच्या ओट्यावर बसून तुम्हाला हे सांगतेय. तुम्ही जाऊन एकवीस दिवस झाले. ओळी मागितल्यात त्याला त्याहून कितीतरी जास्त. त्या मधल्या दिवसांबद्दल माझ्याकडे एकही बरं कारण नाही.

ओळी अशा आहेत: "दिवाळीआधीच्या पत्रकात आम्ही लिहिलं होतं, की डेटा सेंटरमधले लोक मुद्दाम लाईन पाडतात. ते खोटं होतं. लाईन राऊटरच्या बिघाडानं पडत होती. ती चालू राहावी म्हणून तिथले सोपानराव जीव तोडून राबत होते." पाचवी ओळ, जिच्यावरून आपलं भांडण झालं, तीही टाकलीय. तुमच्याच शब्दांत.

दादा, मी तिथं सहा महिन्यांच्या कंत्राटावर आले तेव्हा मला राऊटर म्हणजे घरातला दोन शिंगांचा डबा एवढंच ठाऊक होतं. माझं काम फोन उचलायचं. कुठल्या कचेरीची लाईन हळू आहे, कधीपासून, काय दिसतंय, ते वहीत लिहून तुमच्यापुढे ठेवायचं. काचेचं दार असलेली ती थंड खोली, चार लोखंडी कपाटं आणि दोन एसी, त्यातला एक बंद. कागदोपत्री तिला डेटा सेंटर म्हणत. पहिल्याच दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, दिवसभर त्या पडद्यावर काय बघत बसता म्हणून.

"मेंढरं मोजतो," तुम्ही म्हणालात.

मला वाटलं, माझी थट्टा चाललीय.

"खरंच. हे बघ, हितून मी शंभर मेंढरं सोडली. पल्याड तालुक्याला पोचली किती? सत्त्याण्णव. मंग तीन कुठं गेली? खिंडीत अडकली, लांडग्यानं नेली, का मोजणाराच डुलक्या घेतोय? ते हुडकायचं. बापानं जलमभर हेच केलं, मी बी तेच करतो. माझी निस्ती दिसत न्हाईत."

इतकं सोपं करून मला कुणी काहीच शिकवलं नव्हतं. आणि वहीचे ते दोन रकाने. माझ्या पहिल्या नोंदीवर तुम्ही लाल रेघ मारलीत. मी लिहिलं होतं, "लाईन मुद्दाम बंद ठेवली आहे." तुम्ही विचारलंत, "हे तुला दिसलं का वाटलं?" मग पट्टी घेऊन पानावर उभी रेघ ओढलीत. डावीकडं 'दिसलं', उजवीकडं 'वाटलं'. "बिघाड हुडकताना ह्या दोघांची सरमिसळ झाली, की माणूस चांगली तार कापून टाकतो."

मी हसले होते. मी पत्रकांच्या घरातली. आमच्याकडे वर्तमानपत्र नंतर आलं, पत्रकं आधी. वडील सायकलच्या कॅरिअरला गठ्ठा बांधून बाजाराच्या गावांना जायचे आणि उरलेल्या पत्रकांवर मी बाराखडी गिरवायची. मी वाचलेला पहिला जोडाक्षराचा शब्द 'धिक्कार'. वडिलांचा एक नियम होता: पत्रकाला शत्रू एकच असावा, दोन झाले की वाचणारा कागद खाली टाकून चालू पडतो. आमच्या कुठल्याच पत्रकाला डावा-उजवा रकाना नव्हता. तुम्ही मला 'पत्रकबाई' म्हणायला लागलात ते तेव्हापासून, आणि मला ते आवडायचं.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी तुम्ही पिशवीतून तुमच्या वडिलांची लोकर कातरायची कात्री काढलीत. फडक्यात गुंडाळलेली, तेल लावून चकचकीत केलेली. दरवर्षी तुम्ही ती मोठ्या राऊटरच्या कपाटापुढे ठेवून दोघांची पूजा एकत्रच करायचात. मी दारातच थांबले. म्हटलं, "दादा, मी पूजाबिजा करत नाही."

"कर नको. ताटली तर धरशील का न्हाई?"

मी ताटली धरली. तुम्ही हळद-कुंकू वाहिलंत. मुठीनं वाहिलंत, तुमचा हातच तसा. मग झेंडूचा हार. तो इतका लांब होता की दोन वेढे घेऊनही उरला, म्हणून तुम्ही तो राऊटरच्या पुढच्या जाळीवर आडवा-उभा पसरलात. मी टोमणा मारला, "दादा, तुमच्या देवाला श्वास तरी घेऊ द्या. नाक-तोंड बुजवलंत त्याचं."

"देव हाय त्यो. त्याला काय करायचंय वारं?"

दोघंही हसलो. पेढा खाल्ला, दार लावलं. दसरा आणि जोडून आलेली सुट्टी संपवून परत आलो तेव्हा हार वाळला होता. तुम्ही तो काढलात, जाळी पुसलीत, खालच्या पाकळ्या झाडून घेतल्यात. जाळीच्या आत काय गेलं ते बाहेरून दिसत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी दीडला पहिला फोन आला आणि मग फोन बंदच होईनात. तालुक्याला रेशनकार्डांच्या अंगठ्यांचं शिबिर लागलं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांनी निघायच्या आधी यंत्रावर अंगठा लावून जायचा होता. नाही लावला, तर परत येईपर्यंत कार्डावरचं नाव राहील का, हे कुणी छातीठोक सांगत नव्हतं. त्या शिबिराची लाईन आपल्या खोलीतून जात होती. सकाळी ती धडधाकट असायची. दुपार झाली की अंगठा लावायचा, यंत्रावरचं चक्र फिरत राहायचं आणि मग 'पुन्हा प्रयत्न करा'. रांगेतली माणसं उन्हात उभी. संध्याकाळी लाईन पुन्हा चांगली, पण तोवर शिबिर उठलेलं.

तुम्ही काय-काय केलंत ते मी शेजारच्या खुर्चीवरून बघितलंय. तारा बदलल्या. एक जागा सोडून दुसऱ्या जागी लावल्या. रस्त्याच्या कामात कुणी जमिनीतली तार दुखावली का, म्हणून मोटरसायकलवर खोदकामाच्या कडेकडेनं फिरून आलात, विजारीचे पाय लाल मातीनं माखून. मेंढरं सोडायची आणि मोजायची. सत्त्याण्णव. ऐंशी. मग एकदम शंभर. मग एकसष्ट.

"पार मेलं असतं तर सापडलं असतं," तुम्ही म्हणालात. "हे मरत न्हाई. लंगडतंय. लंगडणारं लई वंगाळ."

दुपारी बिघडतंय म्हणजे तापतंय, इथवर तुम्ही आठवड्यातच पोचलात. पण एसी एकच आणि ऊन कडक, म्हणून दोष उन्हाला गेला. तुम्ही घरचा टेबलफॅन आणून कपाटापुढे लावलात. आत बघायचं तर राऊटर उघडायला हवा होता. त्यावर ठेकेदाराचं सील, ते तोडायला लेखी परवानगी लागायची. जोडीचा दुसरा राऊटर खालच्या फळीवर केव्हाचा मरून पडलेला. त्याच्यासाठी तुम्ही पाठवलेल्या पत्रांच्या प्रती मी स्वतः फाईलला लावल्यात. तुम्ही वरच्या साहेबांना फोन लावून अर्धा तास मागितलात. फक्त अर्धा तास. फोनमधला आवाज माझ्यापर्यंत येत होता: शिबिर चालू आहे, लाईन बंद करता येणार नाही.

"साहेब, ती तशी बी बंदच हाय की ओ."

पलीकडून फोन ठेवला गेला. तुम्ही हातातल्या फोनकडे बघत राहिलात. त्या दिवशी तुम्ही डबा उघडला नाहीत.

आणि मी काय केलं? घरी येऊन पत्रक लिहिलं. 'लाईन पडत नाही, पाडली जाते!' दुपारी मुद्दाम लाईन पाडायची, गोरगरिबांना रांगेत सडवायचं, त्यांची नावं कार्डावरून उडवायची, असा डाव डेटा सेंटरमधून चाललाय, असं मी लिहिलं. माझं रक्त तापलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. फोनवरच्या बायांचे आवाज मी ऐकले होते. पण माझ्या डाव्या रकान्यात एक ओळही नव्हती. साहेबांनी अर्धा तास नाकारला, ते मी कानांनी ऐकलं होतं. तेच लिहायचं होतं. ते मला फार छोटं वाटलं. मला डाव पाहिजे होता.

पत्रक शिबिरात वाटलं, वाड्या-वस्त्यांवर वाटलं. खाली नाव नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते तुमच्या टेबलावर होतं. तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत, घडी घातलीत आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "लई भारी लिवलंय. निस्तं खरं न्हाई."

एवढंच. माझं अक्षर ओळखावं तशी तुम्ही माझी वाक्यं ओळखलीत.

तुमच्या वाडीत ते पत्रक कुणीतरी पारावर मोठ्यानं वाचलं. गयाकाकू तिथं होत्या. आई गेल्यावर ज्या चुलतीनं तुम्हाला पोटच्यासारखं वाढवलं, त्या. तीन दुपारी रांगेत उभं राहून त्यांचा अंगठा लागला नव्हता. पारावरचा एकजण म्हणाला, "डेटावाला तुझाच पुतण्या नव्हं का गं? मंग घरच्याच माणसानं अडीवलं की तुला!" हे तुम्हीच मला सांगितलंत, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. दरवर्षी टोळीबरोबर निघताना काकू घराला कुलूप लावून किल्ली तुमच्या हातात द्यायच्या. यंदा ट्रक तुमच्या दारावरून गेला. किल्ली त्यांनी शेजारणीकडे दिली होती.

"भांडली असती तर बरं झालं असतं," तुम्ही म्हणालात.

शिबिर उठलं आणि मग परवानगी आली. तुम्ही मला हाक मारलीत. सील तोडलंत, स्क्रू काढलेत, झाकण उचललंत. आतल्या बारीक जाळीवर नारिंगी थर होता. वाळून चुरा झालेल्या झेंडूच्या पाकळ्या, हळद आणि धूळ, सगळं पंख्यानं आत ओढून घोंगडीसारखं एकजीव केलेलं. एका पंख्याच्या आसाशी दोरा गुंडाळलेला. हाराचा दोरा.

तुम्ही फरशीवर बसलात. मग म्हणालात, "रेणू, तू म्हणली होतीस. श्वास घेऊ द्या म्हणून."

मला ते आठवलंच नव्हतं, दादा. त्या सगळ्या दिवसांत एकदाही नाही. ज्या दोन माणसांनी तो हार बघितला होता, त्यातली मी एक. ताटली माझ्या हातात होती. तुम्ही तारा तपासत होता तेव्हा उत्तर माझ्या तोंडून येऊन गेलेलं होतं, आणि मी डाव शोधत होते.

तुम्ही थर काढून वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवलात, पंखा मोकळा केलात, राऊटर सुरू केलात. शंभर सोडली, शंभर पोचली. भर दुपारी. नोंदवहीत तुम्ही लिहिलंत: "कारण, पूजेचा हार आणि हळद आत गेली. हार मी घातला." आणि सही. मी म्हटलं, असं लिहू नका, सरळ 'धूळ' लिहा. तुम्ही वही मिटलीत.

मग आपलं भांडण झालं. आजही मी ते मनातल्या मनात भांडते.

"हे छाप," तुम्ही म्हणालात.

"काय छापू? राऊटर हळदीनं गुदमरला? जग हसेल तुम्हाला. आणि दुसरा राऊटर का नव्हता, अर्धा तास का दिला नाही, हे कुणी विचारायचं मग? ते सुटले की सगळे!"

"ते बी छाप. दोनी खरं हाय."

"दोन्ही नाही चालत पत्रकात. शत्रू एकच लागतो."

"आन् चुलतीला काय लागतंय?"

मी पाकळ्यांचा तो कागद गुंडाळायला घेतला. तुम्ही म्हणालात, "मी फोन करून सांगतो तिला. माझ्या हातानं झालं, पर मुद्दाम न्हाई केलं काकी, एवढंच."

आणि मी तुम्हाला थांबवलं. म्हटलं, तुम्ही एकट्यानं सांगितलं तर त्यांना वाटेल, अंगावरचं झटकतोय. छापील कागदावर लोकांचा विश्वास बसतो. पुढच्या पत्रकात टाकते, तोवर थांबा.

हे मी तुमच्या भल्यासाठी म्हटलं, असं तेव्हा मला वाटलं होतं. उजवा रकाना. डावीकडं एवढंच आहे, की त्या पाच ओळी छापल्या असत्या तर पहिलं पत्रक खोटं होतं हे मला लिहावं लागलं असतं, आणि आमच्या घरात पत्रक कधी मागं घेतलं गेलं नव्हतं.

तुम्ही थांबलात. मध्ये दोनदा हसत आठवण केलीत. "पत्रकबाई, माझ्या पाच ओळी?" मी म्हटलं, होतंय. दुसऱ्यांदा विचारलंत तेव्हा हसणं जरा कमी होतं. मग तो गुरुवार. तुम्ही जेवायला म्हणून उठलात, जिन्यापर्यंत गेलात आणि कठड्याला धरून खाली बसलात. मी पाणी आणेपर्यंत तुमचे डोळे कुठं लागलेत ते कळेना. हात तर चांगला गरम होता. मी तो हात चोळत होते आणि वेड्यासारखी सांगत होते, की छापते, उद्याच छापते.

दहाव्याला काकू आल्या. उसाच्या पाचटानं हात चिरलेले, साडीला चिकट काळे डाग, तशाच टोळीतून उठून आलेल्या. भिंतीला टेकून बसल्या. रडल्या नाहीत. माझ्या पर्समध्ये पाच ओळींचा हाती लिहिलेला कागद होता. माझ्या आणि त्यांच्या मध्ये दोन बाया बसल्या होत्या, एवढंच अंतर. पलीकडे पुरुषांत कुणीतरी म्हणालं, "लोकांचं शाप लागलं म्हणायचं. गरिबाचं तळतळाट वाया जात न्हाईत." ते काकूंनी ऐकलं. त्यांनी मान खाली घातली. मी ऐकलं. दादा, मी चौकात उभी राहून मोठ्या-मोठ्यांची नावं घेऊन बोललेली मुलगी. तिथं माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. दुपारच्या गाडीनं काकू परत गेल्या.

म्हणून काल छापलं आणि आज वाडीला गेले. ज्या हातांत पहिलं पत्रक दिलं होतं, त्याच हातांत दुसरं द्यायचं होतं. हात नाहीत, दादा. दारांना कुलपं. कडीत पत्रक अडकवायचं आणि पुढच्या दाराला जायचं, तिथंही कुलूप. पारावर तीन म्हातारे होते. त्यांनी कागद घेतला, उलटा-सुलटा केला आणि एकानं त्यावर तंबाखू चोळायला घेतली. पहिलं पत्रक मी वाडी भरलेली असताना वाटलं होतं. फाल्गुनात माणसं परततील तेव्हा कडीतले कागद वाऱ्यानं गेलेले असतील, आणि आधी ऐकलेलं मात्र त्यांच्या डोक्यात पक्कं असेल.

काकूंच्या घराची किल्ली असलेल्या शेजारणीनं मला फोन लावून दिला. काकू फडात होत्या. मागून कोयत्यांचे आवाज येत होते. मी सांगितलं, मी सोपानदादांच्या हापिसातली रेणू, एक कागद वाचून दाखवते. पाच ओळी वाचल्या. शेवटची तुमची: "हार मी घातला, त्यानं यंत्र बिघडलं, पर मी ते मुद्दाम केलं न्हाई."

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं, लाईन गेली.

"ऐकू येतंय का काकू?"

"येतंय." मग थोड्या वेळानं, "त्यो असताना मला कावून न्हाई सांगितलं त्यानं?"

लाईन स्वच्छ होती, दादा. त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

मी म्हटलं, "ते सांगणार होते. मी थांबवलं. आणि ते पहिलं पत्रक माझंच होतं."

काकूंनी शिवी दिली नाही. रडल्याही नाहीत. कुणीतरी लांबून हाक मारली, "गयाबाई, मोळी बांधा की, गाडी लागलीया!" त्या "आले" म्हणाल्या. मला नाही, त्यांना. फोन बंद करायचं त्यांना सुचलं नसावं. तो तसाच कमरेला खोचला असणार, कारण पाचटावर पडणारी पावलं मला ऐकू येत राहिली. मग कोयता. एक घाव, दुसरा, मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा कोयता.

शेजारीण म्हणाली, "ठेव की आता, बोलंना ना ती."

मी ठेवला नाही. फोन कानाला लावून त्यांच्या कुलूपबंद दाराशी उभी राहिले. शेजारणीच्या फोनची बॅटरी संपेपर्यंत लाईन चालू होती. एकदाही तुटली नाही.